केसपेपर तिच्या एकटीच्या नावाचा

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रिमहोदय,


मागणी आधी सांगते, कारणं मागून. राज्यातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात मूल होत नाही म्हणून जोडपं आलं, तर पहिल्याच दिवशी दोघांचा केसपेपर निघावा. बायकोच्या पोटाला दुर्बीण लावण्याआधी नवऱ्याच्या वीर्याची तपासणी झालेली असावी. आणि वीर्यात शुक्राणू अजिबात नसतील, किंवा मिलिलिटरला 50 लाखांच्या खाली असतील, तर नवऱ्याची गुणसूत्रं आणि वाय गुणसूत्रातले बारीक गळलेले तुकडे सरकारी खर्चाने तपासून मिळावेत. एवढंच. यात नवं संशोधन काही नाही. जगभरातले मूत्ररोग आणि वंध्यत्वाचे तज्ज्ञ कित्येक वर्षं हेच सांगत आले आहेत. आपल्याकडे ते खासगी दवाखान्यात, पैसे मोजणाऱ्यांपुरतं होतं, आणि तिथेही पुष्कळदा उशिराच.

मी डॉक्टर नाही. एका धर्मादाय संस्थेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. रक्तातल्या पेशी वाढवायच्या आणि त्यांतली गुणसूत्रं मोजायची, हे माझं काम. आमच्या खिडकीवर येणाऱ्या जोडप्यांच्या हातात एक प्लॅस्टिकची फाइल असते. ती बायकोची असते. तिच्यात सोनोग्राफीचे फोटो, थायरॉइड, नळ्यांचा एक्सरे, दुर्बिणीचा रिपोर्ट, ‘पिशवी साफ केली’ असं लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड, इंजेक्शनांच्या पावत्या आणि मधेच कुठेतरी एखाद्या देवस्थानाचा अंगारा असलेली पुडी. नवऱ्याचा कागद एकच, तोही शेवटचा, आणि त्यावरची तारीख साधारण गेल्या महिन्यातली. म्हणजे तिच्यावर चार-पाच वर्षं उपचार झाल्यानंतर कुणाला तरी आठवलं की या संसारात दुसरंही एक माणूस आहे.

मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण एकट्याने किंवा बायकोच्या कारणाबरोबर असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार दर सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. या दोन आकड्यांचा गुणाकार आपल्या खात्याने करून पाहावा.

आता गुणसूत्रांकडे येते, कारण पत्र त्यासाठीच आहे. ज्यांच्या वीर्यात शुक्राणू सापडतच नाहीत अशा शंभर पुरुषांची गुणसूत्रं पाहिली, तर साधारण चौदा-पंधरा जणांत संख्येचा किंवा रचनेचा दोष निघतो. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. त्या चौदा-पंधरातले बहुतेक एकाच प्रकारचे: 47, एक्सएक्सवाय. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हॅरी क्लाइनफेल्टर, रायफनस्टाइन आणि ऑल्ब्राइट या डॉक्टरांनी 1942 साली अशा नऊ पुरुषांचं वर्णन केलं. छाती वाढलेली, वृषणं लहान, वीर्यात शुक्राणू नाहीत. कारण त्यांना सांगता येईना, आणि ते साहजिक होतं. माणसाची गुणसूत्रं 48 आहेत अशीच तेव्हा समजूत होती. 46 हा खरा आकडा त्यो आणि लेव्हान यांनी स्वीडनमध्ये पक्का केला तो 1956 साली. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1959 मध्ये, एडिंबरोत पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी क्लाइनफेल्टरच्या रुग्णात एक जादा एक्स दाखवून दिला.

साडेसहा दशकं झाली याला. दर पाच-सहाशे ते हजार मुलग्यांमागे एक असा जन्मतो. म्हणजे तालुक्याच्या गावातल्या मोठ्या शाळेत, वर्गात मागे बसणारा, उंच, हातपाय लांब, जरा अबोल, असा एखादा मुलगा असण्याची शक्यता बरीच. डेन्मार्कसारख्या देशात, जिथे जन्मापासूनची नोंद ठेवली जाते, तिथेही अशा पुरुषांपैकी फक्त चौथ्या हिश्श्याचं निदान आयुष्यभरात होतं असं आढळलं. आपल्याकडे काय असेल, याचा अंदाज मी करत नाही.

रिपोर्ट न्यायला इंदापूरकडचा एक जण आला होता. तिशीतला, शेती आणि दुधाचा धंदा. आमच्याकडे समुपदेशक आठवड्यातून एकदा येतात आणि तो दिवस त्यांचा नव्हता. मी म्हटलं, बुधवारी या, मॅडम नीट समजावून सांगतील. त्याने लिफाफा तिथेच फोडला. इंग्रजी त्याला वाचता येत होतं तेवढं पुरेसं होतं. ‘एक्सएक्स म्हणजे बाई ना?’ त्याने विचारलं. मग आवाज आणखी खाली आणून, ‘म्हणजे मी बाई आहे का, ताई?’ मागे रांग होती. बायको बाकावर बसून आमच्याकडे बघत होती.

तंत्रज्ञाने रिपोर्टचा अर्थ सांगायचा नसतो. मी सांगितला. आत बोलावलं, स्टुलावर बसवलं. वाय आहे ना तुमच्यात, म्हटलं, तोच ठरवतो. त्या वायवर एसआरवाय नावाचं एक जनुक असतं, 1990 साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी ते हुडकलं. ते असलं की पोटातल्या गर्भाची वृषणं बनतात, मग सोबत एक्स एक असो की दोन. तुम्ही पुरुषच आहात, जन्मापासून आहात. हा जादा एक्स आईकडून आला असेल किंवा वडिलांकडून. दोन्हीची शक्यता जवळजवळ निम्मी-निम्मी. बीज तयार होताना जोडी वेगळी व्हायची ती झाली नाही. कुणी काही खाल्लं, कुणी काही केलं, तरुणपणीच्या कुठल्या सवयीने झालं, यातलं काही नाही. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम म्हणते. ते ऐकल्यावर पुरुषांचे खांदे उतरतात. इतकी वर्षं ते मनात काय धरून बसलेले असतात ते तेवढ्यात कळतं.

त्याच्या खिशात एका गावठी डॉक्टरची चिठ्ठी होती. वर्षभर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू होती, ‘ताकद यावी’ म्हणून. मंत्रिमहोदय, हे जरा लक्षपूर्वक वाचावं अशी विनंती आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूखालच्या ग्रंथीला वाटतं भरपूर आहे, ती वृषणांना हुकूम देणं बंद करते, आणि जे थोडेफार शुक्राणू तयार होत असतील तेही थांबतात. क्लाइनफेल्टरच्या पुरुषांना पुढे हे औषध लागतं, हाडं ठिसूळ होऊ नयेत, रक्त आणि स्नायू टिकावेत म्हणून. पण मूल हवं असेल तर ते आधी देत नाहीत. मूल हवं असलेल्या माणसाला मूल न होण्याचं औषध रोख पैसे घेऊन टोचलं जातंय, आणि एसटी स्टँडामागच्या भिंतींवर त्याची जाहिरात रंगवलेली आहे. त्या भिंती कुणाच्या खात्याच्या अखत्यारीत येतात, ते मला माहीत नाही. आपल्याला विचारता येईल.

आणि क्लाइनफेल्टर म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. न्यूयॉर्कच्या कॉर्नेलमध्ये पीटर श्लेगल यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून त्यातली जरा फुगीर, पांढुरकी नळी शोधायची पद्धत बसवली, तिला मायक्रो-टेसे म्हणतात. क्लाइनफेल्टरच्या पुरुषांतही अनुभवी हातांना चाळीस ते पन्नास टक्के वेळा त्यात शुक्राणू मिळतात. ब्रसेल्समध्ये 1992 साली पहिल्यांदा यशस्वी झालेल्या इक्सी पद्धतीने एकच शुक्राणू बीजात सोडला तरी गर्भ राहू शकतो. अशा रीतीने झालेल्या मुलांपैकी बहुतेकांची गुणसूत्रं नेहमीसारखी 46 असतात. इंदापूरच्या गड्याला मी हेही सांगितलं. ‘खर्च?’ त्याने विचारलं. तिथे मी गप्प बसले.

दुसरा गट डोळ्यांना दिसत नाही. वाय गुणसूत्राच्या लांब बाजूवर शुक्राणू बनवण्याच्या कामाचा एक पट्टा असतो. 1976 साली इटलीतल्या तिएपोलो आणि झुफ्फार्दी यांनी शुक्राणू नसलेल्या सहा पुरुषांत तो भागच तुटून गेलेला पाहिला. त्यांना तो सूक्ष्मदर्शकातून दिसला, कारण तुकडा मोठा होता. बहुतेकांचा इतका बारीक असतो की मी दिवसभर डोळे फोडले तरी सापडणार नाही. त्याला डीएनएवरची पीसीआर चाचणी लागते. 1996 पासून या पट्ट्याचे ए, बी, सी असे भाग मानतात, आणि रुग्णाच्या दृष्टीने सगळा जीव त्या अक्षरात आहे. ए किंवा बी भाग पूर्ण गेलेला असेल, तर वृषण उघडून काही मिळत नाही. म्हणजे ती शस्त्रक्रिया करूच नये. सी गेला असेल तर जवळपास निम्म्या जणांत शुक्राणू मिळतात. पण त्यातून मुलगा झाला तर बापाचा वाय जसाच्या तसा त्याच्याकडे जाणार, आणि पंचवीस-तीस वर्षांनी तोही अशाच कुठल्या तरी खिडकीवर उभा राहणार. हे आधी सांगितलं पाहिजे की नाही? सांगितल्यावर काय करायचं ते जोडप्याने ठरवावं. मुलगी झाली तर प्रश्नच नाही, तिला वाय जात नाही. पण ‘मग मुलगीच बघा’ असा सल्ला कुणी दिला, तर गर्भलिंग निदानाचा कायदा आड येतो, आणि तो येतो हे चांगलंच आहे. तशा कायद्याची सुरुवात देशात आपल्याच राज्याने 1988 मध्ये केली होती.

तिसऱ्या गटाने मला सगळ्यात जास्त छळलं आहे. इथे माणूस धडधाकट, काउंट कमी पण निल नाही, दाढी-मिशी, उंची, सगळं जिथल्या तिथे. बायकोला दिवस जातात आणि दोन-अडीच महिन्यांत पडतं. पुन्हा जातात, पुन्हा पडतं. अशा एका जोडप्यातल्या बायकोच्या फाइलमध्ये गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातल्याच्या नोंदी होत्या. नवऱ्याची गुणसूत्रं मोजली तर 45. आधी वाटलं चुकलं, पुन्हा मोजली, पुन्हा 45. तेरावं आणि चौदावं एकमेकांना टोकाशी जोडलेलं. याला रॉबर्टसोनियन स्थानांतरण म्हणतात. हजारात साधारण एकाला हे तेरा-चौदाचं असतं आणि त्यातल्या पुष्कळांना कधी पत्ताही लागत नाही, कारण जनुकांचा माल पुरा असतो, फक्त बांधणी वेगळी. अडचण होते शुक्राणू बनताना. काही शुक्राणूंत एखादं गुणसूत्र जादा जातं, काहींत कमी, आणि तसा गर्भ टिकत नाही. जोड चौदा आणि एकवीसचा असेल, तर डाउन सिंड्रोमचं मूल होण्याचा धोका. एकवीस-एकवीसचा असेल, तर जन्माला येणारं प्रत्येक मूल डाउनचंच असणार, आणि हे पहिल्या गर्भपाताच्या आधी कळलं असतं तर अशा जोडप्याने दत्तक घ्यायचं की डोनरकडे जायचं, हे वेळेत ठरवलं असतं. बाकीच्या जोडप्यांना गर्भजल तपासता येतं. गुणसूत्रांच्या दोषासाठी गर्भतपासणीला कायद्याने मुभा आहे. टाका घालून यातलं काही सुधारत नाही.

त्या बाईच्या सासूबाई सोबत होत्या. रिपोर्टचा अर्थ समुपदेशकांनी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे हिचं काही नव्हतंच?’ नंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना डॉक्टरांनी जे दाखवलं ते त्यांनी पाहिलं, आणि डॉक्टर पाच वर्षं सुनेलाच टेबलावर घेत होते.

खर्चाचं बोलू. गुणसूत्रांची तपासणी खासगीत काही हजारांत होते, वायची पीसीआर तशीच. एका टेस्ट ट्यूब बेबीच्या फेरीचा खर्च लाखाच्या पुढे. आयुष्मान भारतमधून वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत, त्यामुळे दुधावर घर चालवणारा माणूस जनावर विकून येतो. फेरीला यश येणारच नाही हे आधी कळलं, तर एक गाय वाचते. माझी सामग्री बघितलीत तर आपल्याला हसू येईल. हेपॅरिनच्या हिरव्या बुचाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त. पेशींना वाढायला चेतवणारं रसायन राजम्यातून काढतात. 37 अंशांवर 72 तास. मग पेशी विभागायच्या ऐन क्षणी थांबवायला कोल्चिसिन जातीचं औषध. ते मूळ द्रव्य आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातही असतं. पेशी फुगवायला पोटॅशियमचं पातळ द्रावण, टिकवायला मिथेनॉल आणि अ‍ॅसेटिक आम्ल, काचेवर उंचावरून एक थेंब, ट्रिप्सिन, गिम्सा रंग. नंतर वीस पेशी शोधून मोजायच्या. शंका आली तर तीस, पन्नास. महाग आहे ते माणूस. हे बघायला शिकलेले डोळे तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि आपल्याकडे ती पदं कंत्राटी असल्यामुळे शिकून झालं की मुलं कॉर्पोरेट लॅबमध्ये जातात. जाणारच.

खरी गाठ वेगळीच आहे. जिल्हा रुग्णालयं आणि ग्रामीण रुग्णालयं आपल्या खात्याची, वैद्यकीय महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची. जोडपं येतं आपल्याकडे. गुणसूत्रं बघायची सोय उभी राहू शकते ती महाविद्यालयात. मधे फक्त एक रक्ताची नळी जायला हवी. नळी एका दिवसात पोचली तर पेशी छान वाढतात, त्यामुळे अंतर ही अडचण नाही. कुरिअरचं बिल कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचं, ही आहे.

मुंबईच्या कामा रुग्णालयात सरकारी आयव्हीएफ केंद्र सुरू झालं, शेजारी गोव्याने बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मोफत देऊ केले. दोन्हींचं मनापासून स्वागत. देशातलं शास्त्रीय नोंदीचं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ 1986 साली केईएममध्येच, म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या साथीने जन्माला आलं, तेव्हा सरकारी छपराखाली हे होत नाही असं कुणी म्हणू नये. पण केंद्र म्हणजे शेवटचं टोक. सुरुवातीचं टोक तालुक्याला आहे, आणि तिथे वीर्याचा नमुना द्यायला माणसाच्या हातात डबी देऊन सार्वजनिक संडासाकडे बोट दाखवतात. त्या दाराला आतून कडी नसते. माणूस अर्ध्या तासाने रिकामी डबी घेऊन परत जातो आणि पुन्हा येत नाही, आणि केसपेपरवर ‘पती सहकार्य करत नाही’ असं लिहिलं जातं. एक खोली, एक कडी, एक बेसिन. नमुन्यात शुक्राणू दिसले नाहीत तर तो यंत्रात फिरवून तळ पुन्हा पाहायचा, आणि काही दिवसांनी दुसरा नमुना घ्यायचा, एवढी शिस्त. बहुतेक ठिकाणी यातलं होत नाही आणि ‘निल’ असा शिक्का बसतो.

आणखी एक वस्तू मागते, ती फारच स्वस्त आहे. स्वित्झर्लंडच्या आंद्रेया प्राडर यांनी बनवलेली बारा मण्यांची माळ. पहिला मणी 1 मिलिलिटरचा, शेवटचा 25 चा. डॉक्टरने एका हाताने वृषण चाचपायचं, दुसऱ्या हाताने जुळणारा मणी शोधायचा. मोठ्या पुरुषात पंधरा-वीसच्या पुढचा मणी जुळतो. क्लाइनफेल्टरच्या बहुतेकांत चार-पाचच्या आतलाच. दोन मिनिटं लागतात, वीज लागत नाही. शाळेत जाऊन मुलांच्या चड्ड्या उतरवून तपासा असं मी म्हणत नाही, त्यातून भलतंच व्हायचं. पण चौदा-पंधरा वर्षांचा, छाती वाढली म्हणून शर्टाच्या आत दोन बनियन घालणारा मुलगा आईबरोबर दवाखान्यात येतो, तेव्हा ‘वयात येताना होतं असं’ म्हणून परत पाठवण्याआधी ती माळ टेबलाच्या खणात असावी. त्या वयात निदान झालं, तर अभ्यासात कुठे अडतो ते बघता येतं, हाडांची काळजी घेता येते, आणि लग्न ठरवताना लपवाछपवी करावी लागत नाही.

पुरुष येणार नाहीत, असं मला खात्यातलेच एक अधिकारी म्हणाले. त्यांचा अनुभव दांडगा आहे, पण माझा वेगळा आहे. बोलावलं तर येतात. कुणी बोलावत नाही म्हणून बाहेर मोटारसायकलवर बसून राहतात. तिथून आत आणायला केसपेपरवर त्यांचं नाव लागेल, आणि आत आल्यावर रिपोर्ट बंद खोलीत, त्याच्याच हातात, समजावून सांगणारं माणूस समोर असताना मिळायला लागेल. खिडकीतून, रांगेत नव्हे. बायकोला कधी सांगायचं, आईला सांगायचं की नाही, ते त्याला ठरवू द्यावं. जिल्ह्याला एक समुपदेशक दिला तरी पुरे होईल. एचआयव्हीसाठी आपण प्रत्येक जिल्ह्यात असे समुपदेशक बसवून दाखवले आहेत, तेव्हा करता येत नाही असं नाही.

दोघांच्या केसपेपरचा एक नमुना तयार करून सोबत जोडला आहे. एका पानाचा आहे, सरकारी मुद्रणालयाला फार शाई लागणार नाही. या पत्राची प्रत वैद्यकीय शिक्षण विभागालाही पाठवत आहे. ‘सदर विषय या विभागाशी संबंधित नाही’ असं तिकडून उत्तर आलं, तर ते आपल्या माहितीसाठी आपल्याकडे पाठवून देईन.

आपली,
गुणसूत्र तपासणी प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ,
पुणे

प्रत : मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य
सोबत : केसपेपरचा नमुना, एक पान